झाकली मूठ आणि उतारा

साखरेवर पीएच.डी. करायला जर्मनीला चाललोय, हे वाक्य वाळवा तालुक्यात जपून उच्चारावं लागतं. आमच्याकडे साखर म्हणजे गाळप, काटा, एफआरपी आणि पहिली उचल. यातलं काहीच मी शिकायला जाणार नाही, हे कळल्यावर धाकट्या काकांचा चेहरा पडला. "मांजरीला वसंतदादांची एवढी मोठी इन्स्टिट्यूट असताना जर्मनीला कशापायी? तिथं ऊस हाय का?" ऊस नाही, पण बीट आहे, मी म्हणालो, बिटात उसातलीच साखर असते हे १७४७ मध्ये बर्लिनच्या मार्कग्राफनेच दाखवून दिलं होतं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मनाशी दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, पोरगं बिटाच्या नादी लागलंय. दोन, दर फोनला एवढंच विचारायचं, "काय रं, उतारा किती पडला?"

ज्यांच्या घरात ऊस नाही त्यांच्यासाठी सांगतो. शंभर किलो उसातून जितके किलो साखर निघते तो उतारा. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात तो बाराच्या आसपास असावा अशी अपेक्षा असते. अकराला चेअरमन खुलासा देतात, दहाला सभासद खुर्च्या उचलतात. माझे आकडे काकांच्या सर्वसाधारण सभेपुढे कधीच ठेवता आले नाहीत. का, तेच आता सांगायचं आहे.

माझं काम साखर बनवण्याचं नव्हतं, साखरेचे रेणू एकमेकांना जोडण्याचं होतं. जीवाणू आणि बुरशा यांच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं आवरण असतं. त्या साखळीचा तुकडा प्रयोगशाळेत तयार करून एखाद्या प्रथिनाला जोडला, तर आपलं शरीर त्या आवरणाला ओळखायला शिकतं आणि त्यातून लस होऊ शकते. क्युबाच्या शास्त्रज्ञांनी हिब नावाच्या जीवाणूवर अशी कृत्रिम साखळीची लस करून २००४ मध्ये तिची हकिगत जगापुढे मांडली. माझी साखळी त्या मानाने फारच किरकोळ होती. दोन ग्लुकोज, पहिल्याचा एक नंबरचा कार्बन दुसऱ्याच्या सहा नंबरला 'बीटा' पद्धतीने जोडलेला, आणि दुसऱ्याला सहा कार्बनांची एक शेपटी. शेपटीच्या टोकाला डबल बाँड. प्रथिन पुढे त्या डबल बाँडलाच जोडायचं होतं. ही शेपटी वाचकांनी लक्षात ठेवावी. मी ठेवली नाही.

अडचण अशी की ग्लुकोजवर पाच हायड्रॉक्सिल गट असतात. एक, दोन, तीन, चार आणि सहा नंबरच्या कार्बनावर प्रत्येकी एक. (पाच नंबरचा ऑक्सिजन कड्यात अडकलेला असतो, त्याची कटकट नाही.) सोयरीक जमवायच्या बैठकीत पाच आत्या बसल्या आहेत असं समजा. स्वभाव थोडे उन्नीस-बीस, पण पाचहीजणींना बोलायचंय आणि आलेल्या पाहुण्याला पहिल्यांदा आपणच गाठायचंय. तुम्हाला तर सहाव्या जागेवरच्या आत्यानेच बोलावं असं वाटतं. मग बाकीच्यांच्या तोंडात लाडू द्यावा लागतो. बैठक पार पडली, की लाडू काढून घ्यायचे आणि सगळ्यांना पुन्हा मोकळं करायचं. लाडू म्हणजे प्रोटेक्टिंग ग्रुप.

इथवर माझ्या डोक्यात सगळं स्वच्छ होतं. पुढचा भाग मला हाताने शिकावा लागला: लाडू खाणारी आत्या गप्प असते, पण रिकामी बसत नाही. कुठला लाडू दिला आहे त्यावर तिची शेजारीण पेंगणार की तरतरीत होणार, आणि पाहुणा उजवीकडून येणार की डावीकडून, हे सगळं ठरतं.

ही लाडू वाटायची कला मोठी झाली ती जर्मनीत. एमिल फिशरने बर्लिनमध्ये १८९५ साली साखरा आणि ॲसिटोन यांच्या जोड्या लावल्याचं प्रसिद्ध केलं. ॲसिटोन म्हणजे नेलपॉलिश काढायला वापरतात तेच. आम्लाच्या उपस्थितीत ग्लुकोज त्यात ढवळला, की ॲसिटोनचे दोन रेणू येऊन बसतात आणि एकेक रेणू दोन-दोन आत्यांची तोंडं एकदम बंद करतो. गंमत म्हणजे हे होत असताना ग्लुकोजचं सहा कोनांचं कडं पाच कोनांचं होतं. चार नंबरची कड्यात जाते, पाच नंबरची बाहेर येते, आणि शेवटी फक्त तीन नंबरची बोलायला मोकळी उरते. एवढं काटेकोर काम नेलपॉलिश रिमूव्हरकडून करून घेणाऱ्या माणसाला १९०२ चं नोबेल मिळालं यात नवल नाही. मी पहिल्या आठवड्यात हेच संयुग बनवलं आणि ते स्फटिक होऊन खाली बसलं. आपल्याला हे क्षेत्र जमणार, असा माझा समज त्या फ्लास्कने करून दिला. फिशरची पाककृती सव्वाशे वर्षं बिनबोभाट चालत आलेली आहे. तिच्यात माझं कर्तृत्व ढवळण्यापुरतंच होतं, हा हिशोब तेव्हा सुचला नाही.

फिशरच्याच तालमीतल्या माणसांनी पुढे बाकीचे लाडू वळले. प्रथिनांच्या बाबतीत फिशरचं घोडं अडलं होतं. १९०७ मध्ये त्याने अठरा अमिनो आम्लांची साखळी जोडून दाखवली खरी, पण अमिनो गटावर बसवलेलं झाकण साखळी न तोडता काढायचं कसं, हे त्याला सापडलं नव्हतं. ते सापडलं ड्रेस्डेनच्या चामडे संशोधन संस्थेत. चामडं म्हणजे प्रथिनच, त्यामुळे संस्थेचे संचालक माक्स बर्गमान, म्हणजे फिशरचे जुने सहायक, या प्रश्नाच्या मागे लागलेच होते. त्यांनी आणि लिओनिडास झेर्व्हास या ग्रीक सहकाऱ्याने १९३२ मध्ये असं झाकण शोधलं, की पॅलॅडियम आणि हायड्रोजन दाखवला की ते टोल्युइन आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातं आणि साखळीला धक्का लागत नाही. झेर्व्हासच्या आद्याक्षरावरून त्याला आजही 'झेड' म्हणतात. पुढच्याच वर्षी नाझी राजवटीने बर्गमान यांना ज्यू म्हणून पदावरून काढलं आणि ते न्यूयॉर्कला गेले. झेडमधला कामाचा भाग म्हणजे बेंझिल. माझ्या पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं ज्याने खाल्ली तो हाच, फक्त माझा ऑक्सिजनवर बसलेला होता.

पण बेंझिलच्या आधी गंधक आलं.

एक नंबरची आत्या बाकीच्यांपेक्षा वेगळी असते. जोडणी तिच्यामार्फतच व्हायची असते, म्हणून तिला गप्पही ठेवायचं आणि वेळ आली की एका हाकेसरशी उठवायचंही. त्यासाठी तिथे गंधकाचा गट बसवतात. फिशर आणि डेलब्र्युक यांनी १९०९ मध्ये गंधक बसवलेला ग्लुकोज केला होता. तो आम्ल-अल्कलीची बरीच दांडगाई सोसतो, आणि शेवटी आयोडीनच्या एका संयुगाने जागा होतो. हे गंधक बसवायला मी एथेनथायॉल वापरलं. आपल्याकडे सिलिंडरच्या गॅसला वास यावा म्हणून जे किंचित मिसळतात त्याच कुळातलं हे द्रव्य. हवेत त्याचा एक कण असला तरी नाक ओळखतं. माझ्या हातात आख्खी बाटली होती, आणि ते पस्तीस अंशालाच उकळतं. फ्युम हूडमध्ये, हातमोजे घालून, सगळं नियमाने केलं. फक्त लॅबकोटाच्या आत आईने विणलेला लोकरीचा स्वेटर होता, आणि लोकरीच्या स्मरणशक्तीबद्दल सुरक्षेच्या व्याख्यानात कुणी बोललं नव्हतं.

संध्याकाळी ट्राममध्ये माझ्या आजूबाजूच्या जागा रिकाम्या होत गेल्या. परक्या माणसाला ऐसपैस बसू द्यायची यांची रीत असेल, असं समजून मी पाय लांब केले. घरी पोचून चहा टाकला. थोड्या वेळाने जिन्याच्या खिडक्या धडाधड उघडल्याचा आवाज आला. वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना गॅसचा वास आला होता. बाहेर हिवाळा मरणाचा, आणि आख्खी इमारत खिडक्या उघड्या टाकून फुटपाथवर उभी. मीही उभा, शेजारच्या आजींना धीर देत. आजी माझ्यापासून सरकत सरकत कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत गेल्या.

गॅसवाला माणूस यंत्र घेऊन आला. तळघर, शून्य. बाईंचं स्वयंपाकघर, शून्य. जिना, शून्य. यंत्र काही नाही म्हणतंय आणि नाक तर आहे म्हणतंय, अशा पेचात तो माझ्या दाराशी आला, थबकला, आणि वाकून माझ्या खांद्यापाशी हुंगला. मग सरळ उभं राहून त्याने अत्यंत सभ्यपणे विचारलं, "आपण काय काम करता?"

"साखर," मी म्हणालो.

स्वेटर पिशवीत बांधून बाल्कनीत ठेवायचा, असं सर्वानुमते ठरलं. बाईंनी पिशवीला तीन गाठी मारल्या. दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. थायॉलचा वास लागलेली काचेची भांडी आम्ही ब्लीचच्या बादलीत बुडवतो, वास जातो. मी स्वेटर त्याच बादलीत बुडवला. दुपारी काठीने उचलायला गेलो तर काठीला पिवळट बुळबुळीत काहीतरी लोंबत आलं, आणि तळाशी दोन बटणं. लोकर म्हणजे केराटिन, त्यात गंधकाचे पूल असतात, आणि थायॉलमधलं गंधक कोणतं नि आईने विणलेलं कोणतं हे ब्लीचला कळत नाही. सिलेक्टिव्हिटी म्हणजे काय हे पुढे मला तोंडी परीक्षेत विचारलं तेव्हा मी पुस्तकातली व्याख्या सांगितली, पण डोळ्यांसमोर ती बटणं होती. वास मात्र पूर्ण गेला.

आता बेंझिल. गंधक बसल्यावर उरलेल्या जागा झाकायच्या होत्या, आणि माझी योजना काटकसरीची होती: सगळ्यांना एकच लाडू. सगळीकडे बेंझिल बसवायचं, जोडणी करायची, शेवटी हायड्रोजन सोडून सगळे एकदम काढायचे. चार वेळा चार वेगळी झाकणं काढत बसायचं कुणी सांगितलंय? आमच्या घरात लग्नाचे आहेरही असेच एकगठ्ठा घेतात. बेंझिल बसवायला बेंझिल ब्रोमाइड लागतं आणि त्याच्या वाफेने अश्रुधूर फोडल्यासारखं होतं. त्या दिवशी हूडची काच थोडी जास्त वर राहिली. थोड्या वेळाने आमची आख्खी खोली रडत होती. दारातून डोकावलेल्या सेक्रेटरीबाईंनी कुणी गेलं का, असं हळू आवाजात विचारलं.

माझ्या शेजारच्या बेंचवर एक श्वाबियन मुलगा होता. श्वाबियन म्हणजे जर्मनांमधले कोब्रा... छे, जर्मनांमधले सदाशिवपेठी म्हणतो, म्हणजे कुणी रागावणार नाही. टीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक ठिपक्यांनी वेगळे दाखवणाऱ्या, प्लेटा बोटाएवढ्या रुंद कापून पुरवायचा. फळ्यावर माझी योजना पाहून त्याने विचारलं, "दोन नंबरवर काय आहे?"

"बेंझिल."

"हं," तो म्हणाला.

त्याच्या 'हं'चे प्रकार असतात हे मला पुढे समजलं. तेव्हा ती मला संमती वाटली.

जोडणीची अभिक्रिया तर झकास झाली. उणे तापमानात, काही मिनिटांत खल्लास. बेंझिल खाल्लेली साखर चळवळी असते. ॲसिटिल-बेंझॉइलसारखे एस्टर गट इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, त्यामुळे एक नंबरचा कार्बन पाहुण्याचं स्वागत करायला काचकूच करतो. बेंझिल तेवढं ओढत नाही, म्हणून तो लगेच तयार होतो. बर्ट्रम फ्रेझर-रीड यांनी १९८८ मध्ये याला 'सशस्त्र' आणि 'नि:शस्त्र' साखरा असं नाव दिलं. दोन साखरांवर निराळे लाडू देऊन, कोण आधी उठणार आणि कोण नुसतं बघत बसणार हे आपण ठरवू शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं. माझी साखर पूर्ण सशस्त्र होती. वेगाच्या आनंदात मी एनएमआरला नमुना दिला.

एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूतले हायड्रोजन रेघांनी दाखवणाऱ्या यंत्रात, नव्या जोडाचा एकच डब्लेट (जोडरेघ) दिसायला हवा होता, आठ हर्ट्झ रुंदीचा. तो होता. त्याच्या बाजूला साडेतीन हर्ट्झचा आणखी एक होता, आणि तो अधिक उंच होता. म्हणजे बीटा हवा असताना अल्फा आणि बीटा दोन्ही झाले होते, आणि नको असलेला जास्त. प्लेटवर दोघांचे ठिपके एकमेकांना चिकटून. वेगळे करायला कॉलमवर टाकलं तर परीक्षानळ्यांची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पहिल्या चार नळ्यांत शुद्ध अल्फा, शेवटच्या तीनांत शुद्ध बीटा, आणि मध्ये अख्खा महाराष्ट्र.

दोन नंबरची आत्या एक नंबरला लागून बसते. तिच्या तोंडात ॲसिटिल असतं, तर पाहुणा यायच्या वेळी त्या ॲसिटिलमधला ऑक्सिजन वाकून एक नंबरच्या कार्बनाला खालच्या बाजूने टेकला असता. खालची वाट बंद, मग पाहुण्याला वरूनच यावं लागतं, आणि ते म्हणजे बीटा. तोंड बंद ठेवून कोपराने वाट दाखवण्याचा हा प्रकार आहे. कोनिग्स आणि क्नोर यांनी १९०१ मध्ये ग्लुकोज जोडायची जी पद्धत काढली तिच्यात ॲसिटिलच होते, म्हणून त्यांना बीटा मिळत गेला. कोपराचं गुपित पुढच्या पिढ्यांनी उलगडलं. बेंझिलला कोपरच नाही. ते नुसतं तोंडात भरून बसतं. वाट मोकळी, पाहुणा दोन्हीकडून येतो, आणि अल्फाला स्वतःचा असा एक इलेक्ट्रॉनी लाभ असल्याने बहुधा तिकडेच झुकतो. हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. माझ्या बेंचवरच्या पुस्तकातही होतं; त्यावर मी चहाचा मग ठेवत असे.

श्वाबियनाला नळ्यांची रांग दाखवली. "हं," तो म्हणाला, पण हा निराळा 'हं' होता.

मग दोन नंबरवर ॲसिटिल. ते एकट्यालाच बसवायचं म्हणजे आधी बाकीच्यांना वेगळे लाडू, मग काहींचे काढा, मग पुन्हा द्या. पायऱ्या वाढत गेल्या. याच सुमारास काकांचा फोन आला आणि मी त्यांना हिशोब समजावून सांगितला. एक पायरी नव्वद टक्के उताऱ्याची धरा, उत्तम म्हणतात तशी. अशा वीस पायऱ्या झाल्या तर हातात किती उरतं? काकांनी मोबाइलवर गुणाकार केला. "बारा," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच आदर आला. "म्हंजे आपल्या कारखान्याएवढाच की रं!" माझ्या पायऱ्या नव्वदच्या नसून सत्तरच्या होत्या, आणि सत्तरने वीस पायऱ्या चढल्यावर हजारात एकही धड उरत नाही, हे मी सांगितलं नाही. त्यातल्या निम्म्या पायऱ्या नुसत्या लाडू देण्या-घेण्याच्या, हे तर मुळीच नाही. चेअरमन असतो तर राजीनामा द्यावा लागला असता.

अर्थात हा सगळा उपद्व्याप निरर्थक नाही, हेही सांगायला हवं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ते फॉन्डापॅरिनक्स घ्या. हेपॅरिनच्या धर्तीवर पाच साखरांची साखळी, पन्नासच्या वर पायऱ्यांनी बनणारी; आपल्याकडे हैदराबादची डॉ. रेड्डीज ती करते. त्यात लाडू नुसते तोंड बंद करायला नसतात, ते जागा राखून ठेवतात. जिथे एस्टर बसवला तिथे शेवटी सल्फेट येणार, जिथे बेंझिल तिथे नुसतं हायड्रॉक्सिल राहणार, जिथे अझाइड तिथे नायट्रोजनावर सल्फेट. शेवटचा नकाशा पहिल्या दिवशीच लाडवांनी आखलेला असतो. लाडूच नकोत, थेट जोडणी करू, असं म्हणणारी मंडळी रसायनशास्त्रात आहेत आणि काही वनस्पतिजन्य रेणूंच्या बाबतीत त्यांनी ते सुरेख करून दाखवलंय. त्यांना पाच आत्यांच्या बैठकीला मी मनापासून आमंत्रण देतो.

ॲसिटिलवाली जोडणी लावली. अल्फाचा पत्ता नाही, मी खूश. बीटाचाही पत्ता नाही. जोडणीला लागणाऱ्या आम्लाचं प्रमाण मी भीतीपोटी फार जपून घातलं होतं, आणि तेवढ्या थोड्या आम्लात पाहुणा एक नंबरपर्यंत पोचलाच नाही, वाटेत दोन नंबरच्या आत्याने पुढे केलेल्या कोपरावरच बसला. याला ऑर्थोएस्टर म्हणतात. दिसायला वजन बरोबर, अणू बरोबर, फक्त जोड भलत्याच जागी. सोयरीक जमवायला आलेला मुलगा आत्याच्या मांडीवर बसून राहावा, तसा तो बसला होता आणि हलायला तयार नव्हता.

उपाय श्वाबियनानेच सांगितला, आणि तोही जर्मनच निघाला. माइन्झचे होर्स्ट कुन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८२ मध्ये ॲसिटिलच्या जागी पिव्हॅलॉइल वापरून दाखवलं होतं. त्याचा कार्बनांचा गठ्ठा एवढा जाडजूड, की पाहुण्याला त्याच्यापाशी बसायला जागाच मिळत नाही, पण कोपराचं काम मात्र तो चोख करतो. लावलं. आठ हर्ट्झचा डब्लेट, एकटा. शुद्ध बीटा. मी त्या कागदाची छायाप्रत काढून घरी नेली आणि घरमालकीणबाईंना दाखवली. त्यांनी आधी लांबूनच वास घेतला, मग अभिनंदन केलं.

पिव्हॅलॉइल हा डिंकाचा लाडू आहे, सहजी सुटत नाही. ॲसिटिल ज्या सोडियम मेथॉक्साइडने तासाभरात उतरतं त्यानेच याला गरम करून दिवसचे दिवस विनवावं लागतं. तेही झालं. आता फक्त बेंझिल उरले होते. ते काढायला पॅलॅडियम लावलेला कोळसा, मेथेनॉल आणि वर हायड्रोजन भरलेला फुगा. वाढदिवसाचाच वाटतो, नुसता लाल. रात्रभर ढवळत ठेवलं. सकाळी काहीही झालेलं नव्हतं. फुगा टणटणीत. माझ्या संयुगात पहिल्या दिवसापासूनचं गंधक कुठेतरी कणभर मागे राहिलं होतं, आणि पॅलॅडियमला गंधक विषासारखं. आता मला चीड आली होती. मी संयुग नीट गाळून घेतलं, नवीन पॅलॅडियम घातलं, मग आणखी थोडं घातलं, मग मूठभर उरलेलंही घातलं, दोन फुगे लावले, आणि शनिवार-रविवार तसंच सोडलं.

सोमवारी सगळे बेंझिल गेले होते. प्लेटवर एकच ठिपका, तळाशी, पाण्यात विरघळणारा, निर्मळ. एनएमआरमध्ये सातच्या आसपासचं बेंझिलचं जंगल पूर्ण साफ. मी परिसंवादात तो कागद पडद्यावर लावला आणि मागे सरकून उभा राहिलो, टाळ्या ऐकायला बरं पडतं म्हणून.

प्राध्यापकांनी चष्मा वर केला. "पाच ते सहाच्या मधलं कुठे आहे?"

पाच ते सहाच्या मध्ये डबल बाँडचे हायड्रोजन दिसतात. तिथे सपाट रेघ होती. म्हणजे ज्या शेपटीसाठी हे सगळं मांडलं होतं तिचं टोक हायड्रोजनने कधीच बुजवून टाकलं होतं. आणि 'कधीच' हा शब्द मी हौसेने वापरत नाही. पॅलॅडियमसमोर टोकाचा डबल बाँड बेंझिलच्या किती तरी आधी जातो. पहिल्या दिवशी फळ्यावर ज्या क्षणी मी 'सगळीकडे बेंझिल' लिहिलं, त्या क्षणीच शेवटची पायरी ठरली होती. लाडू निवडायचा तो तोंडात जाताना कसा लागतो ते बघून नव्हे, बाहेर काढताना घरातलं दुसरं काय फुटेल ते बघून.

खोलीत शांतता होती. श्वाबियन 'हं'सुद्धा म्हणाला नाही, आणि ते जास्त लागलं.

प्राध्यापक मात्र दयाळू निघाले. बेंझिल काढायची दुसरी वाट आहे, ते म्हणाले: द्रव अमोनियात विरघळवलेला सोडियम. त्याने बेंझिल निघतात आणि असा एकटादुकटा, टोकाचा डबल बाँड शाबूत राहतो. मी पुन्हा सगळ्या पायऱ्या चढलो. ड्राय आइसने गारठवलेला फ्लास्क, त्यात गार होऊन द्रव झालेला अमोनिया, आणि त्यात सोडियमचा तुकडा पडल्याबरोबर पसरणारा गर्द निळा रंग. कितीही वेळा पाहिला तरी त्या निळ्यापुढे माझी बडबड थांबते. यावेळी शेपटी शाबूत राहिली. संयुग सात मिलिग्रॅम मिळालं. काकांना मी 'चांगलं मिळालं' एवढंच कळवलं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण जीवशास्त्राच्या खोलीतून एक बाई आल्या. आमच्या खोलीत कुणीसं शेपटी बुजलेलं संयुग बनवलंय असं त्यांच्या कानावर गेलं होतं. प्रथिनाला न चिकटणारा, पण बाकी हुबेहूब तसाच नमुना त्यांना तुलनेसाठी हवाच होता, आणि असा नमुना मुद्दाम बनवायची कल्पना कुणाला सुचली याचं त्यांना कौतुक वाटत होतं. मी मान खाली घातली, विनयाने घालतात तशी. परिसंवादानंतर बाजूला ठेवलेला तो नमुना त्यांनी दोन आठवड्यांत संपवला आणि आणखी मागितला.

म्हणजे आता तीच चूक ठरवून करायची होती. बेंझिल लावलेलं संयुग उरलेलं होतं. पॅलॅडियम तोललं, मेथेनॉल घातलं, फुगा लावला, हायड्रोजन भरला, सगळं अगदी पहिल्यासारखं. सकाळी येऊन एनएमआर काढला. बेंझिल जागच्या जागी. गंधकाने पुन्हा पॅलॅडियमचा गळा धरला होता. आणि पाच ते सहाच्या मध्ये, ठसठशीत, एकही रेघ न हललेला, डबल बाँड.

श्वाबियन मागून वाकून स्क्रीनकडे बघत होता. "गेल्या हिवाळ्यात," तो म्हणाला, "तुला हाच हवा होता ना?"